१७१ नंबरचं विमान आणि अंदाजानं निवडलेला बोल्ट

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं १७१ नंबरचं विमान पडलं. विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसं गेली. फार जणांना आठवत नसेल, पण १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईत पडलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचाही नंबर १७१ च होता. तारीखही १२. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात शकुन-अपशकुन शोधू नका. पण त्या जुन्या अपघातातून शिकण्यासारखं बरंच आहे.

१९७६ ची ती फ्लाइट मुंबईहून मद्रासला निघाली होती. आधी ठरलेल्या बोइंग ७३७ च्या इंजिनात बिघाड निघाला, म्हणून प्रवाशांना कॅराव्हेल जातीच्या दुसऱ्या विमानात बसवलं. मध्यरात्रीनंतर सांताक्रूझवरून विमान उडालं आणि उजव्या इंजिनातली एक चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली, आग लागली. पायलटनं विमान परत वळवलं. पण आगीत हायड्रॉलिकचं तेल संपलं, कंट्रोल गेले आणि धावपट्टीच्या अलीकडंच विमान कोसळलं. ९५ पैकी एकही जण वाचला नाही.

कारण काय निघालं? चकतीच्या धातूला थकव्यानं गेलेली भेग. शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे सांगायला नको. लोखंड एका दणक्यात तुटत नाही. पुन्हा पुन्हा ताण बसून आत केसाएवढी भेग पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस भाग जातो. म्हणूनच विमानाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की हा भाग इतक्या फेऱ्यांनंतर काढा, मग तो दिसायला कितीही नवा असो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हेच मॅन्युअलचं पहिलं सांगणं.

डोळ्यांवर विश्वास ठेवला की काय होतं ते १० जून १९९० ला इंग्लंडमध्ये दिसलं. बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच १७ हजार फुटांवर उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, को-पायलटनं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. नशीब, सगळे वाचले.

उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी ती काच बदलली होती. नाइट शिफ्ट, माणसं कमी. शिफ्टच्या प्रमुखानं जुना बोल्ट हातात घेतला आणि त्याच्याशी जुळवून नवे घेतले. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला सुमारे पाऊण मिलिमीटरनं कमी निघाले. पार्टचं पुस्तक तिथंच होतं. स्टोअरवाल्यानं बरोबर नंबरही सांगितला होता. पण अनुभवी माणूस म्हणाला, "हेच बसतंय."

आपल्या उद्यमनगरातला कुठलाही मेस्त्री हे वाचून गालात हसेल. कारण बोल्टला बोल्ट लावून बघायची सवय आपलीच आहे. कोल्हापूरचं नाव ह्याच हातांनी मोठं केलं. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, तो काही कुठलं मॅन्युअल वाचून नव्हे. ह्या कसबाचा अभिमान हवाच. पण नवीन वस्तू घडवणं वेगळं आणि शंभर माणसं घेऊन उडणारी वस्तू दुरुस्त करणं वेगळं.

मग सगळा दोष त्या एका माणसाचा? तसंही नाही. काढलेले जुने बोल्टही पुस्तकात सांगितल्यापेक्षा आखूड होते, म्हणजे कुणाची तरी चूक आधीच होऊन गेलेली. शिवाय ह्या कामानंतर दुसऱ्या माणसानं तपासावं, अशी अट नियमात नव्हती. म्हणजे पुस्तकालाही भोक होतं.

मुद्दा इथंच आहे. मॅन्युअल ही काही पोथी नव्हे. ते माणसांनीच लिहिलंय आणि अनेक ओळी आधीच्या अपघातांनंतर घातल्यात. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात एक नोंद आहे. इंधनाच्या स्विचच्या लॉकबद्दल अमेरिकेच्या नियामकानं २०१८ मध्ये सूचना काढली होती. ती सक्तीची नव्हती, म्हणून ती तपासणी केली नाही, असं कंपनीनं सांगितलं. अपघात त्यामुळंच झाला असं अहवाल म्हणत नाही, आपणही म्हणू नये. पण 'सल्ला' आणि 'सक्ती' यात केवढं अंतर असतं, ते कळतं.

पुस्तकात चूक दिसली तर गुपचूप आपल्या मनानं काम करायचं नाही, लिहून कळवायचं. आणि कळवणाऱ्याला नोकरीची भीती वाटता कामा नये. म्हणून तर आंतरराष्ट्रीय नियमात अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हाच ठेवलाय, दोषी ठरवणं नव्हे. आपल्याकडं मात्र अपघात झाला की पहिला प्रश्न, "कुणाला सस्पेंड केलं?" मग खालचा माणूस खरं कशाला बोलेल?

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला. आज तिथनं आपली पोरंबाळं उडतात. पण विषय फक्त विमानाचा नाही. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं. नारळ फुटतो, फोटो छापून येतात. ह्या वर्षी तिथं गेलात तर एवढंच विचारा: मेंटेनन्सच्या रजिस्टरवर सही कुणाची आहे, आणि सही करणाऱ्यानं तो व्हॉल्व्ह खरंच बघितलाय का?