तोफेच्या कानातले मेण: दारूचा मळ आणि कोल्हापूरचा इतिहास

१/ युद्धाच्या कथांत तोफ धडाडते, बंदूक कडाडते आणि कथा पुढे सरकते. बार उडाल्यानंतर नळीत काय उरते, हे बखरी सहसा सांगत नाहीत. परंतु त्या मळाने असंख्य शस्त्रे खाल्ली, आणि एकदा एका साम्राज्याच्या फौजेत अविश्वासाची ठिणगीही टाकली. कोल्हापूरच्या भूमीवरून त्या मळाचा हा मागोवा.

२/ जुनी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात सोऱ्याचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश. ही दारू पूर्णपणे वायूत रूपांतरित होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच राहतो. काही धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला नळीला चिकटतो.

३/ या मळात काजळीबरोबर पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतील ओलावा शोषून घेतात आणि लोखंड गंजू लागते. सह्याद्रीच्या पावसात तर एक रात्रही पुरेशी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. मळ न काढता वरून तेल चोपडले, तर गंज तेलाखाली आपले काम चालूच ठेवतो.

४/ म्हणून ठासणीच्या बंदुकीचा सर्वांत उत्तम धावक म्हणजे साधे कढत पाणी. ते क्षार विरघळवते आणि नळी तापल्यामुळे उरलेला ओलावा लवकर उडून जातो. तेलाची पाळी त्यानंतर येते. पाणी मळ काढते, तेल किंवा मेण नव्या ओलाव्याला अडवते. ही दोन कामे वेगळी आहेत.

५/ दुसऱ्या कामाचा उत्कृष्ट मराठी पुरावा 'आज्ञापत्रा'त सापडतो. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनी १७१५ मध्ये, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या दुर्गप्रकरणात शत्रूबरोबर पावसाचाही विचार आहे.

६/ पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरावेत, तोफा भिजू नयेत अशी आच्छादने घालावीत, असे अमात्य सांगतात. काना म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र. तेथून पाणी शिरले की तोफ आतून सडते. दारूही दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी त्यांची आज्ञा आहे. पन्हाळ्याचा पाऊस पाहिलेल्याला या बारकाव्याचे कारण विचारावे लागत नाही.

७/ पुढे रायफल आली आणि मळाचा प्रश्न अधिक बिकट झाला. नळीच्या आतील खाचांत मळ साचला की काही बारांनंतर गोळी खाली उतरेना. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलसाठी त्यावर तोड निघाली ती काडतुसाला वंगण लावण्याची. त्यामुळे गोळी सरकते आणि मळ मऊ राहतो. १८५७ मध्ये गाजलेल्या चरबीचे मूळ तांत्रिक प्रयोजन हे होते.

८/ जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत गाय आणि डुकराच्या चरबीची वार्ता पसरली. काडतूस दातांनी तोडावे लागत असल्याने प्रश्न थेट धर्माचा झाला. त्याच महिन्यात सरकारने वंगणाविना काडतुसे देण्याची आणि शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावू देण्याची मुभा दिली. मेण आणि तेल हा पर्याय हाताशी होता.

९/ म्हणजे अमात्यांनी १४२ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या तेल-मेणापाशीच कंपनी सरकार येऊन पोहोचले. पण तोवर वेळ गेली होती. सवलत दिली, याचाच अर्थ आधी काहीतरी अपवित्र होते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. नळीतील मळ मेणाने सैल झाला असता. मनातील संशय सैल झाला नाही.

१०/ ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई उठले. या उठावाला केवळ चरबीचे कारण देणे अन्यायाचे ठरेल. संस्थानावरील इंग्रजी अंमलाचा रोष आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाची स्मृती कोल्हापूरच्या वातावरणात होतीच. ऑगस्टमध्ये ले ग्रँड जेकबच्या उपस्थितीत पलटण निःशस्त्र करण्यात आली. डिसेंबरात शहर पुन्हा उठले. पुढे चिमासाहेबांना कराचीला नेण्यात आले. चिमासाहेब चौक त्यांचेच नाव सांगतो.

११/ १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि जुना मळ इतिहासजमा होऊ लागला. तरी काडतुसाच्या टोपीतील रसायनामुळे क्षार नळीत उरतच होते. म्हणून पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश फौजांतही नळीतून कढत पाणी ओतण्याची शिस्त राहिली. रॉकेल तेलकट घाण काढते, क्षार काढत नाही. हा नियम शतकभराने बदलला नव्हता.

१२/ आज हा विषय कोल्हापूर परिसरातील घराघरांत खंडेनवमीला जिवंत होतो. पूर्वजांचे शस्त्र लखलखावे म्हणून त्याला चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश पेपर लावला जातो. आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते. घासण्याने कोरीव अक्षरे, सोन्या-चांदीचे नक्षीकाम आणि पोलादाची मूळ लहर कायमची पुसली जाते.

१३/ जुनी ठासणीची बंदूक असेल तर आणखी एक दक्षता. तिच्यात बार भरलेला राहिलेला असू शकतो, आणि ती दारू अजूनही पेटू शकते. जाणकाराने तपासल्याशिवाय तिला हात लावू नये. संग्रहातील शस्त्रावर कढत पाण्याचा प्रयोगही करू नये. तो उपाय रोज वापरातल्या नळीसाठी होता, नक्षीच्या आणि लाकडी दस्त्याच्या वारशासाठी नव्हे.

१४/ मऊ कोरडे फडके, हातमोजे, कोरडी जागा आणि जाणकाराच्या सल्ल्याने मेणाचा पातळ थर, एवढे बहुधा पुरते. जगभरातील संग्रहालये आजही लोखंडी शस्त्रांना मेणच लावतात. त्यांचे मेण प्रयोगशाळेत शुद्ध केलेले असते, पण काम तेच, जे अमात्यांनी पावसाळ्यापूर्वी गडावरच्या हवालदाराला नेमून दिले होते.