ब्रेक तापतात तेव्हा

तोरणमाळचा घाट उतरताना मला हमखास हर्बर्ट फ्रूड आठवतो. हा इंग्लंडच्या डोंगराळ डर्बीशायरचा. उतारासाठी गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावतात, हे पाहून त्याने १८९७ मध्ये ब्रेक-लायनिंग बनवायला घेतलं. हीच पुढची फेरोडो कंपनी. आधी कापसाचं लायनिंग होतं, पण ते तापून जळायचं, म्हणून १९०८ पासून अ‍ॅस्बेस्टॉस. (त्याने कॅन्सर होतो हे नंतर कळलं, ती कथा वेगळीच.)

१९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या कारला हायड्रॉलिक ब्रेक आले आणि उष्णतेला नवी वाट मिळाली. ऑइल उकळलं की त्याची वाफ दबते, पेडल थेट तळाला! त्यात हे ऑइल हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं, पाणी मुरलेलं १५५. ट्रॅकवर निदान कडेला मोकळी जागा असते, तोरणमाळला दरी.

तर मंडळी, ट्रॅक डेला बहुतेकजण आधी महागडे पॅड घेतात. मी म्हणेन, आधी सीलबंद डब्यातलं ताजं ऑइल भरा. आणि रेसचे पॅड गार असताना नीट पकडत नाहीत, ते ट्रॅकवर पोचूनच बसवा.