टक्कल, पुरुषी : मध्यमवयातील उपचार

आनुवंशिक कल आणि पुरुषी संप्रेरके यांच्या एकत्रित परिणामाने डोक्यावरचे केस ठरावीक क्रमाने विरळ होत जाण्याची अवस्था. सुरुवात कानशिलांच्या वर किंवा भोवऱ्यापाशी होते, पुढे हे विरळ भाग एकमेकांना मिळतात आणि अखेरीस कानांवरून मागे जाणारी केसांची पट्टी तेवढी उरते. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केलेली व ओ’टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली वर्गवारी आजही वापरात आहे. तिच्यात सात पायऱ्या आहेत.

कारणाचा पहिला भक्कम पुरावा हॅमिल्टन यांनीच १९४२ मध्ये मांडला. वयात येण्याआधी वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही; मात्र घराण्यात टक्कल असेल आणि टेस्टोस्टेरॉन दिले, तर पडते. दुसरा दुवा कॅरिबियन बेटावर सापडला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये (डीएचटी) रूपांतर करणारे विकर जन्मतःच अपुरे असल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही. डीएचटीला संवेदनशील केशकूप दर चक्रागणिक आखडत जातो, जाड केसाच्या जागी बारीक केस आणि मग नुसती लव येते. आखडत चाललेला कूप औषधाने सावरता येतो. गुळगुळीत झालेल्या जागेवर औषधाने केस उगवत नाहीत. उपचाराचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

चाळिशी-पन्नाशीतली प्रत्येक केसगळती या प्रकारची नसते. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी डोकेभर केस गळतात व बहुधा परत येतात. थायरॉइडचे विकार आणि लोहाची कमतरता हीही कारणे आहेत. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या प्रारंभी बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील गावांत लहानथोरांचे केस काही दिवसांत गेले. बाधितांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. पुरुषी टक्कल असे कधीच येत नाही, ते वर्षानुवर्षे सरकते. त्वचारोगतज्ज्ञ दुर्बिणीसारख्या डर्मोस्कोपखाली शेजारशेजारच्या केसांची जाडी पाहतात. जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसले की निदान जवळजवळ पक्के होते.

मिनॉक्सिडिल : मुळात रक्तदाबावरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचा हा उपयोग लक्षात आला. अमेरिकेत २ टक्क्यांच्या द्रावणाला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांसाठी आज साधारणपणे ५ टक्क्यांचे वापरतात. कोरड्या टाळूवर, केस बाजूला सारून, दिवसातून दोनदा १ मिली लावायचे आणि हात धुवायचे. केसांना चोपडलेले औषध वाया जाते. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते आणि बरेच जण इथेच घाबरून औषध सोडतात. ही गळती जुने केस नव्याला जागा देत असल्याची खूण असते; निर्णय चार ते सहा महिन्यांनी घ्यावा. औषध थांबवले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. कमी मात्रेतली गोळी हल्ली बरीच दिली जाते, पण तिने पाय सुजणे आणि छातीत धडधड होणे संभवते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने किंवा हृदयविकार असणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरात मांजर असेल तर द्रावण तिच्यापासून दूर ठेवावे, ते मांजरांना विषारी आहे.

फिनास्टेराइड : रोज १ मिलिग्रॅमची गोळी, केसांसाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता. रक्तातील डीएचटी ती सुमारे ७० टक्क्यांनी कमी करते. मूळ चाचण्या १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवर झाल्या होत्या. ४१ ते ६० वयोगटावरची चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिथेही लाभ दिसला. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ताठरतेची अडचण असे परिणाम होतात. बहुतेकांत ते थांबतात, पण गोळी सोडल्यावरही तक्रार राहिल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम मान्य केला. नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्याने तो डॉक्टरांपासून लपवू नये. पन्नाशीच्या पुरुषासाठी आणखी एक बाब फार मोलाची आहे : या गोळीने प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा जवळपास निम्मा होतो. गोळी चालू असल्याचे सांगितले नाही, तर कर्करोगाची पहिली सूचना नजरेतून सुटू शकते. गोळी चालू असताना आणि ती सोडल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. याच प्रकारची ड्युटास्टेराइडची गोळी अधिक प्रभावी आहे, पण ती शरीरात बराच काळ राहते. तिच्यासाठी रक्तदान टाळण्याचा हा अवधी सहा महिन्यांचा आहे.

केशरोपण : मागच्या पट्टीतील केस पुढे लावले तरी ते मूळ जागेचा स्वभाव राखतात, हे न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवले. एफयूटी पद्धतीत त्वचेची पट्टी कापून काढतात. एफयूईमध्ये साधारण १ मिलिमीटरच्या गोल पात्याने एकेक कूपगट (ग्राफ्ट) सोडवतात, थंड द्रावणात ठेवतात आणि बारीक छिद्रांत केसांची दिशा सांभाळत रोवतात. एका गटात एक ते चार केस असतात. लावलेले केस काही आठवड्यांत झडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात, पूर्ण चित्र वर्षभराने दिसते. मागची पट्टी ही मर्यादित पुंजी आहे. पंचविशीत ती उधळली तर पुढे मागचे टक्कल झाकायला काही उरत नाही. म्हणून टकलाचा आराखडा स्पष्ट झालेला मध्यमवयीन पुरुष शस्त्रक्रियेसाठी अधिक योग्य ठरतो. मूळचे केस टिकवायला औषध मात्र चालूच ठेवावे लागते. एका बैठकीत भरमसाट ग्राफ्ट देऊ करणाऱ्या क्लिनिकपासून दूर राहावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, असे बजावले आहे.

इतर : स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट टोचण्याचा (पीआरपी) काहींना फायदा होतो, पण पद्धती इतक्या निरनिराळ्या आहेत की खात्री देता येत नाही. लेझर कंगव्यांचा परिणाम माफक आहे. बायोटिनच्या गोळ्यांचा या टकलावर उपयोग सिद्ध नाही; उलट त्यांनी थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचण्या चुकतात. तेलाने केसांना चकाकी येते, डीएचटी हटत नाही. भारतीय औषध नियमावलीच्या (१९४५) अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल नमूद आहे, म्हणजे ते बरे करण्याचा दावा औषधावर करण्यास मनाई आहे.

उपचार न घेणे हाही पूर्ण विचारांती घेण्याजोगा निर्णय आहे. चांगला हेअर पॅच, बारीक कापलेले केस किंवा तुळतुळीत डोके, यांपैकी काहीही निवडता येते. उघड्या टाळूला उन्हात टोपी किंवा सनस्क्रीन हवेच. तिथली खरखरीत चकती किंवा न भरणारी जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.