व्यवस्थापनशास्त्राच्या इतिहासातले गुलाम कुठे गेले?

एमबीएला ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या शास्त्राचा जन्म साधारणपणे असा सांगतात: आधी अमेरिकन रेल्वे, मग 1911 चे फ्रेडरिक टेलरचे पुस्तक, मग 1913 ची फोर्डची असेंब्ली लाइन. मग त्याआधी हजारो माणसांकडून मोजूनमापून काम कोण करून घेत होते?

बिल कुक या ब्रिटिश अभ्यासकाने 2003 च्या शोधनिबंधात नेमके इथेच बोट ठेवले. 1860 साली अमेरिकेत सुमारे 40 लाख गुलाम होते आणि त्यांच्यावर 38,000 व्यवस्थापक. एवढा मोठा वर्ग व्यवस्थापनाच्या इतिहासातून गायब झाला. कुक त्याला विसर म्हणत नाहीत, नकार म्हणतात.

केटलिन रोझेंथल यांनी तर मळ्यांच्या वह्याच वाचल्या. त्यांचे पुस्तक 2018 चे. थॉमस अफ्लेक नावाचा गृहस्थ 1840 च्या दशकापासून मळेवाल्यांसाठी छापील हिशेबवह्या विकत होता. कोणत्या गुलामाने आज किती पौंड कापूस वेचला, याचे रकाने त्यात होते. वर्षअखेरीस प्रत्येक माणसाची किंमत लिहायची, गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली तेही. आज यंत्राचा घसारा काढतात, तसा माणसाचा!

टेलरने मळ्यांची नक्कल केली, असे रोझेंथल म्हणत नाहीत. आपणही म्हणू नये. त्यांचा मुद्दा जास्त बोचरा आहे. गुलाम काम सोडून जाऊ शकत नव्हता, म्हणूनच मालकाला त्याच्या श्रमाचा इतका बारीक हिशेब ठेवता आला. टेलरचा सहकारी हेन्री गँट, ज्याचा चार्ट आज प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो, तो 1861 साली मेरीलँडमधल्या गुलाममालक घरातच जन्मला होता.

जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, ती हे नाते ओळखूनच. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. तरीही कार्यक्षमतेवरच्या शोधनिबंधात 'मनुष्यबळ' हा एकच आकडा पुरतो. ते बळ कोणत्या वस्तीतून येते, याला रकाना नसतो.

आपल्यातले कुणी साखरेच्या पुरवठा साखळीवर प्रबंध लिहिणार असेल, तर सुरुवात कारखान्याच्या वजनकाट्यापासून करू नका. मुकादमाच्या उचलीपासून करा. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात.