पीटर लॉलर फितूर नव्हते

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात एक मत रूढ आहे: पीटर लॉलर १८५४ मध्ये क्रांतिकारक होते आणि सत्तेची चव लागताच फितूर झाले. या मताला आधार आहे, हे आधी मान्य करू. बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर युरेकाची मोर्चेबंदी उभारून त्यांनी सैन्याला तोंड दिले. ३ डिसेंबरच्या त्या लढाईत डावा हात गमावला. पुढच्याच वर्षी ते कायदेमंडळात गेले. १८५६ मध्ये मालमत्तेच्या बळावर एकाहून अधिक मते देणाऱ्या तरतुदीला त्यांनी पाठिंबा दिला. १८७३ मध्ये क्लून्सच्या संपकरी खाणकामगारांच्या जागी चिनी मजूर आणू पाहणाऱ्या कंपनीचे ते संचालक होते. आरोपपत्र भक्कम दिसते.

पण फितुरी सिद्ध करायची, तर आधी कोणती निष्ठा मोडली ते दाखवावे लागते. सर्व पुरुषांना मताधिकार ही मागणी खाणकामगारांच्या बॅलरॅट रिफॉर्म लीग या संघटनेची; तिच्या अग्रभागी होते हम्फ्रे यांच्यासारखे सुधारणावादी. लॉलर नेतृत्वाला आले ते खाणकामाच्या परवान्यांसाठीच्या झडत्यांचा कहर झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस. त्यांनी दिलेली शपथ एकमेकांची साथ न सोडण्याची आणि हक्क व स्वातंत्र्य राखण्याची होती. त्यात प्रजासत्ताकाचा उच्चार आहे काय? मालमत्तेला विरोध आहे काय? दोन्ही नाहीत. ब्रिटिश संसदेच्या सदस्याचा हा मुलगा खाणीवर येण्यापूर्वी मेलबर्नमध्ये व्यापारातला भागीदार होता. तो सोने मिळो न मिळो वसूल होणाऱ्या परवाना-शुल्काविरुद्ध आणि पोलिसी जुलमाविरुद्ध लढला.

दुसरा आरोप पदलोभाचा. १८५५ मध्ये बॅलरॅटने त्यांना बिनविरोध निवडले होते. पुढच्याच वर्षी त्याच मतदारांचा रोष ओढवून घेणारी भूमिका त्यांनी उघडपणे मांडली आणि पुढे दुसऱ्या मतदारसंघाचा आसरा घेतला. पदलोभी माणूस आपल्याच पायाखालची जमीन अशी काढून घेतो काय? शिवाय १८७७ ते १८८० या काळात, वरिष्ठ सभागृहातल्या जमीनदारांशी झुंजणाऱ्या ग्रॅहॅम बेरींच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. मालमत्तेचा निव्वळ हस्तक त्या मंत्रिमंडळात बसला नसता.

उरते क्लून्स. तिथे बचाव नाही, आणि मी तो करणारही नाही. आठवड्याची विश्रांती मागणाऱ्या कामगारांविरुद्ध परके मजूर आणणे हा अन्यायच होता. पण तो मालकाच्या दृष्टीचा दोष आहे, आणि ती दृष्टी लॉलर यांनी कधीच लपवली नव्हती. क्लून्समध्ये संपकऱ्यांचे दगड झेलणारे चिनीही पोटासाठीच आलेले श्रमिक होते, हे लॉलर यांना धिक्कारणारे विसरतात.

तेव्हा वाचकहो, निवाडा तुमचा. लॉलर यांना क्लून्ससाठी जरूर दोषी ठरवा. मात्र जी क्रांती त्यांनी कधी पुकारलीच नाही, तिच्याशी द्रोह केल्याचा आरोप मागे घ्या. तो पुराव्यावर टिकत नाही.