वाडीतला तंबू

टेंभुर्णीला समुद्र नाही. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाला पाणी माहीत ते नदीचं, विहिरीचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. पण बहामनी राजवटीत आणि पुढे निजामशाहीत दख्खनचं एक मोठं बंदर होतं चौल. परदेशचे घोडे तिथं उतरायचे आणि घाट चढून वर यायचे. त्या नात्यानं चौल आम्हा पठारावरच्या माणसांचंही बंदर. अलिबागच्या दक्षिणेचा तो किनारा मला म्हणूनच परका वाटत नाही.

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथं अलीकडे चौल-रेवदंडा आणि पलीकडे कोर्लई. या पट्ट्यातल्या काही कुटुंबांनी आपल्या नारळ-पोफळीच्या वाडीत पाहुण्यांसाठी तंबू लावले आहेत. सगळा कारभार घरचा. घरधनी पाण्याचं बघतो, मुलगा तंबू झाडतो आणि वहिनी चुलीवर घावन घालतात. अशाच एका वाडीत मी दोन रात्री राहिलो. रात्री लाटांचा आवाज आणि सकाळी झावळ्यांआडून दिसणारा कोर्लईचा डोंगर, असा सगळा थाट.

या किनाऱ्याला पाहुण्यांची सवय जुनी आहे. इसवी सन ९१६च्या सुमारास अल-मसुदी हा अरब प्रवासी इथं आला. चौलला तो सैमूर म्हणतो. इथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांच्या व्यवहारासाठी राजानं त्यांच्यातलाच प्रमुख नेमला आहे, अशी नोंद त्यानं केली. बेने इस्रायली लोकही याच किनाऱ्यावर रुजले. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. रेवदंड्यात त्यांचं प्रार्थनामंदिर आहे.

१४६९च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे जुन्नर, बिदरकडे गेला. परक्या व्यापाऱ्यांसाठी इथल्या मुक्कामाच्या जागी घरमालकिणी रांधतात, अंथरूणही घालतात, असं त्यानं लिहून ठेवलं. मित्रहो, साडेपाचशे वर्षांपूर्वीची ही नोंद वाचली की वाडीतल्या वहिनी आठवतात.

सगळेच पाहुणे म्हणून आले नाहीत. पोर्तुगीज तोफा घेऊन आले. १५९४मध्ये त्यांनी निजामशाहीकडून कोर्लईचा किल्ला घेतला. १७४०मध्ये तो मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण माणसं राहिली. किल्ल्याच्या पायथ्याचे ख्रिस्ती गावकरी आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली बोलतात. ती बोलणारे हजाराच्या आसपासच उरले आहेत. त्या बोलीला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला त्या ‘आपली’ शब्दाचं मोल वेगळं सांगायला नको.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या या किनाऱ्यावर आदळलं. पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नवा माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळताना मी पाहिल्या आहेत. झाड मेलं की शेतकऱ्याची येणारी वर्षंही जातात, मग ते पाण्यावाचून मरो की वाऱ्यानं.

अशा वेळी जमीन विकण्याचा मोह होतो. शहरातलं गिऱ्हाईक दारात उभंच असतं. वाडी विकली की तिथं बंगला येतो, कुंपण येतं, फाटकाला कुलूप लागतं. चार तंबूंचं भाडं फार नसेल. पण माड मोठा होईपर्यंत घर तगून राहिलं, तर जमीन राहते आणि जमिनीबरोबर तिथली माहिती राहते. कुठली वाट किल्ल्यावर जाते, भरती केव्हा येते, कुठल्या चौथऱ्याला लोक काय म्हणतात, हे फलकावर लिहिलेलं नसतं. ते वाढता वाढता सांगितलं जातं.

किल्ले सरकार सांभाळील. ज्या दारानं अरबाला, यहुद्याला, रशियनाला ‘या, बसा’ म्हटलं, ते दार मात्र घरच्या माणसांनाच उघडं ठेवावं लागतं. आपण त्या बाजूला गेलात, तर एखादा मुक्काम वाडीत करा. पंगतीला बसा आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला गावाबद्दल एक तरी प्रश्न विचारा.