धर्माची सामाजिक कसोटी आणि सोलापूरचे १९३८ चे भाषण

सन १९३८ च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोलापुरात भारतीय ख्रिस्ती बांधवांच्या सभेपुढे भाषण केले. त्याचा वृत्तान्त त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘जनता’ पत्रात प्रसिद्ध झाला. येवल्याची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) होऊन दोन वर्षे लोटली होती आणि बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार याविषयी सर्वत्र तर्क चालू होते. श्रोत्यांच्या मनातही काही अपेक्षा असणे स्वाभाविक होते. आपल्या मनावर पकड घेणाऱ्या व्यक्ती म्हणून बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त अशी दोनच नावे घेतली. एवढा भाग पुष्कळांच्या स्मरणात असतो. परंतु भाषणाचे मर्म त्यापुढे आहे. समता, बंधुता व स्वातंत्र्य यांचा व्यवहार शिकविणारा धर्म मला हवा, असे त्यांनी सांगितले. आणि दक्षिणेकडील ख्रिस्ती समाजात जातिभेद पाळला जातो, ही अप्रिय गोष्टही यजमानांसमोरच मांडली.

ग्रंथात काय लिहिले आहे एवढे पाहून न थांबता अनुयायांचे परस्परसंबंध कसे आहेत ते पाहणे, ही समाजशास्त्राची दृष्टी होय. बाबासाहेबांना ती परकी नव्हती. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला तो मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. आणि याच गोल्डनवायझरांनी पुढील वर्षी एमिल दुर्खीम यांच्या धर्मविषयक सिद्धान्ताची चिकित्सा करणारा लेख लिहिला.

दुर्खीम यांचा धर्मावरील प्रमुख ग्रंथ १९१२ चा. धर्म म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा, ही व्याख्या त्यांनी नाकारली, आणि त्यासाठी पुढे केलेला ठळक पुरावा होता बौद्ध धम्माचा. ज्यात ईश्वराला स्थान नाही तरी ज्याला धर्म म्हणणे भाग आहे, असे हे उदाहरण! पवित्र मानलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा व आचार आणि त्यांनी बांधला गेलेला एक नैतिक समुदाय, हे त्यांच्या मते धर्माचे स्वरूप. धर्म समाजाला एकत्र ठेवतो, हे येथून सर्वमान्य झाले. परंतु कोणाला एकत्र ठेवतो आणि कोणाला वेशीबाहेर ठेवतो, या प्रश्नाकडे दुर्खीम यांचे फारसे लक्ष नाही.

मॅक्स वेबर यांची अडचण निराळी. प्राचीन बौद्ध धम्म हा भटक्या भिक्षूंचा, वैयक्तिक मुक्तीचा, राजकारणापासून अलिप्त मार्ग होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पालीच्या अभ्यासकाला हा निष्कर्ष मान्य करणे कठीण आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि हत्या, अशी कारणपरंपरा सांगितली आहे. कूटदन्त सुत्तात राजाला यज्ञाऐवजी शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्याचा सल्ला मिळतो. सिगालोवाद सुत्तात तर मालकाने नोकराला झेपेल एवढेच काम सांगावे, त्याला अन्न व वेतन द्यावे आणि आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, असे कर्तव्य घातले आहे. सोलापूरच्या गिरण्यांत आयुष्य घालविलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको. याला वैयक्तिक मुक्ती म्हणावयाचे तर समाज कशाला म्हणावयाचे?

दुर्खीम यांनी मोकळ्या ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या चौथ्या खंडात आढळते. धम्म हा सामाजिक आहे. एकट्या माणसाला त्याची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की ती निर्माण होते, असे तेथील प्रतिपादन आहे. त्याहून मोलाचे पुढचे पाऊल. नीती तर चोरांच्या टोळीतही असते, जातबांधवांमध्येही असते. ती गटाचे हित राखते आणि म्हणूनच समाजविघातक ठरते. याकरिता नीती पवित्र असावी, पण त्याचबरोबर सार्वत्रिकही असावी, असे बाबासाहेब म्हणतात. पावित्र्याने समुदाय बांधला जातो, हे दुर्खीम यांनी दाखविले. जातही तशीच बांधली जाते, हे बाबासाहेबांनी ओळखले. दोघांतील हे अंतर आमच्या विद्यापीठीय पाठ्यक्रमांतून नीट शिकविले जात नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत. देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक. ही संख्या थोडी नव्हे. परंतु सोलापुरात विचारला गेलेला प्रश्न जनगणनेच्या रकान्यात मावत नाही. सोयरीक जुळविताना पूर्वीची जात वा पोटजात विचारली जाते काय, मातंग वा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाशी रोटीबरोबर बेटीचाही व्यवहार होतो काय, विहाराच्या कार्यकारिणीवर त्यांतील कोणी बसतो काय, याचा शोध आपणच घ्यावयास हवा. ख्रिस्ती यजमानांसमोर जो प्रश्न मांडणे बाबासाहेबांनी उचित मानले, तो स्वतःच्या बाबतीत वर्ज्य मानण्याचे कारण दिसत नाही. सोलापूर शहर व जिल्ह्यातील विहारांत बौद्ध पद्धतीने लागलेल्या विवाहांच्या नोंदवह्या जेथे ठेवल्या असतील, तेथून या कामाला आरंभ करता येईल.